रफू केलेलं पान

बाजाराच्या मधल्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला लागून जी अरुंद जागा आहे, तिथे रफूवाले मास्तर बसतात. दुकान कसलं, एक खुर्ची, एक टेबल, एक भिंग आणि भिंतीवर ओळीने लावलेली धाग्यांची रिळं. मास्तरांच्या हाताला यश आहे असं अख्खा बाजार म्हणतो. कोटाला भोक पडू दे, शाल खिळ्याला अडकून फाटू दे, मास्तर त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढतात, उभे घालतात, आडवे घालतात आणि कापड गिऱ्हाइकाच्या हातात देऊन एकच शब्द बोलतात, "शोधा." गिऱ्हाईक कापड उजेडात धरतं, उलटंपालटं करतं, डोळे बारीक करतं आणि शेवटी हात टेकतं. तेहतीस वर्षांत मास्तरांचा रफू कुणाला सापडलेला नव्हता. माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण या एका बाबतीत त्यांची मान जरा ताठच असायची, आणि का नसावी?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतो. याच हातांनी मास्तरांनी एका उन्हाळ्यात अकरा झाडं मारली होती. बायकोची झाडं. ती गेली, कुंड्या मागे राहिल्या, आणि मास्तरांनी ठरवलं की काय वाटेल ते होवो, तिची झाडं जगवायची. झालं! सकाळी पाणी, दुपारी जेवायला घरी आले की पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. अति तिथे माती म्हणतात, इथे तर मातीचाही चिखल झाला. एकेक झाड पिवळं पडत गेलं, आणि मास्तर त्याला बिचाऱ्याला तहान लागली असेल म्हणून आणखी पाणी घालत गेले. अकरावी कुंडी रिकामी झाली त्या दिवशी ते झारी माळ्यावर टाकून आले ते पुन्हा तिच्याकडे वळून बघितलं नाही. मुलगा चारचौघांत थट्टेने म्हणायचा, "बाबांनी नुसतं बघितलं तरी झाड वाळतं." मास्तर हसायचे. पण आतून लागायचं हो.

मग सून आली. खरं म्हणजे ती आधी गिऱ्हाईक म्हणून आली होती, आईची शाल घेऊन. मास्तरांनी शाल रफू करून दिली, "शोधा" म्हणाले, आणि ही बया हट्टाला पेटली. अर्धा तास दुकानाच्या दारात शाल उजेडात धरून उभी. तेवढ्यात मास्तरांचा मुलगा त्यांचा चहा घेऊन आला आणि तोही शोधायला लागला. शेजारची चष्मेवाली आजही सांगते, "पोरीला रफू काही सापडला नाही, पण नवरा सापडला." गिऱ्हाईक असताना ती सगळ्यांसारखं "मास्तर" म्हणायची, लग्न झाल्यावरही तोंडात तेच राहिलं. नवऱ्याने दोन-चारदा डोळे वटारले, तशी ती बिचारी ओशाळली. मास्तरच म्हणाले, "राहू दे रे. जीभ वळेल तेव्हा वळेल. ओढून ताणून बसवलेला धागा तुटतो."

लग्न करून आली तेव्हा सून एक कुंडी मांडीवर घेऊन आली होती. कपड्यांची बॅग गाडीच्या मागे, दागिने नवऱ्याकडे, आणि कुंडी मात्र मांडीवर. झाडाचं नाव मॉन्स्टेरा. मास्तरांना ते नाव कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून ते त्याला "तुझं ते मोठ्या पानांचं" म्हणायचे. हाताच्या पंजापेक्षा मोठी, गुळगुळीत, बदामाच्या आकाराची तीन पानं. आईच्या घरच्या झाडाची फांदी तिने स्वतः पाण्यात ठेवून मुळं फुटू दिली होती, आणि गेलं दीड वर्ष ती त्या झाडाला तळहातावरच्या फोडासारखं जपत होती. आतल्या खोलीत कपाटाशेजारी कुंडी ठेवलेली. आठवड्याला ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची, आणि नवं पान आलं की उलगडेपर्यंत दहादा जाऊन बघायची. उलगडलं की "हंऽ, असू दे," असं काहीतरी पुटपुटायची. ती कशाची वाट बघते हे मास्तरांनी कधी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा कुठे त्या दोघांना तीन आठवड्यांची सुट्टी एकदम मिळाली आणि फिरायला जायचं ठरलं. प्रश्न आला झाडाचा.

"चष्मेवाल्या काकूंकडे ठेवू," मुलगा म्हणाला. "बाबांकडे नको. अगं, माहीत आहे ना तुला, अकरा..."

"मास्तरांकडेच ठेवायचं," सून म्हणाली.

"हात जोडतो तुझ्यापुढे."

"ज्या माणसाला धाग्याचा जीव कळतो, त्याला झाडाचा कळणार नाही होय?"

मास्तर बाहेर पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात होता, कान आत होते. नको म्हणावं असं वाटलं, आणि नको म्हणवेना. त्या अकरा कुंड्यांनंतर चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जिवंत गोष्ट त्यांच्या हाती द्यायला निघालं होतं, तेही सगळे नको म्हणत असताना. आता हे झाड जगलंच पाहिजे, त्याला ओरखडासुद्धा उठता कामा नये, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

जाताना सुनेने एक कागद लिहून दिला. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. उजेड भरपूर, पण कडक ऊन नको. पानं ओल्या फडक्याने पुसायची. नवं पान आलं तर कळवायचं. मास्तरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि दुकानात भिंगाशेजारी टाचणीने लावून ठेवला.

आणि गंमत बघा, मास्तरांना ते जमलं! इस्त्रीआधी कापड किती ओलं आहे हे ज्याच्या बोटाला कळतं, त्याला मातीची ओल कळायला कितीसा वेळ? बायकोच्या झाडांच्या वेळी हे बोट मातीत घालायचं कुणी सांगितलंच नव्हतं. आता रोज सकाळी बोट जायचं मातीत, आणि मास्तर स्वतःशीच म्हणायचे, "अजून दमट. आज नाही." चार-चार दिवस ते पाण्याच्या तांब्याला हात लावत नव्हते. हात शिवशिवायचे, पण कागदात लिहिलं होतं ना! आतल्या खोलीत भरपूर उजेड कुठला असणार, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी कुंडी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी आणली आणि उन्हाच्या वेळेला मधे पातळ मलमलीचा पडदा धरला. पडदा स्वतः शिवला, हे वेगळं सांगायला नको.

दहाव्या दिवशी देठातून हिरवी सुरळी वर आली. मास्तर त्या दिवशी गल्लीभर सांगत सुटले.

"बाई, पान येतंय!"

"अहो मास्तर, झाडाला पान येणार नाही तर काय बटण येणार?" चष्मेवाली म्हणाली. पण तिलाही बरं वाटलं. माणूस बऱ्याच दिवसांनी असा मोठ्याने बोलला होता.

संध्याकाळी सुनेचा फोन आला तेव्हा तिलाही सांगितलं. ती फोनवर किंचाळलीच. "फोटो पाठवा ना, मास्तर!" मास्तरांच्या फोनमध्ये फोटो काढायची सोय होती, पण मास्तरांना ती कला नव्हती. "तूच ये आणि बघ," ते म्हणाले.

पंधराव्या दिवशी सकाळी मास्तर उठून बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. सुरळी उलगडली होती. पान मोठं होतं, आधीच्या सहांपेक्षा मोठं, कोवळं, पोपटी, ओलसर चमकणारं. आणि फाटलेलं होतं. एका बाजूला दोन चिरा, कडेपासून थेट आत. दुसऱ्या बाजूला एक. आणि मधल्या शिरेजवळ करंगळीचं टोक जाईल एवढं भोक.

मास्तरांचं धाबं दणाणलं. कशाने फाटलं हे शोधायला त्यांना वेळ लागला नाही, कारण चोराच्या मनात चांदणं. चार दिवसांपूर्वी पडदा सरकवताना त्यांनी कुंडी जरा फिरवली होती, तेव्हा सुरळी खिडकीच्या कडीला घासली होती. घासली होती की नव्हती? घासलीच असणार! शिवाय पानं पुसताना, शिवणकामाला बोटात घालतात ती पितळी टोपी काढायची राहिली होती एकदा. म्हणजे कडीने किंवा टोपीने, पण फाडलं ते मास्तरांनीच. बारावं झाड. मुलाचं हसू त्यांना आत्ताच ऐकू यायला लागलं. त्याचं हसू एक वेळ चाललं असतं. पण सुनेने सगळ्यांविरुद्ध जाऊन त्यांच्यावर विश्वास टाकला होता, तिला काय तोंड दाखवायचं?

संध्याकाळी फोन वाजला. पहिला प्रश्न तोच. "उलगडलं का पान?"

"उलगडलं."

"कसं आहे?" तिच्या आवाजात अशी काही आस होती की खरं सांगणं मास्तरांच्या जिवावर आलं.

"छान आहे. एकदम छान."

"म्हणजे कसं? अख्खं आहे की..."

"अख्खं! अगदी अख्खं! एक चीर नाही त्याला," मास्तर घाईघाईने म्हणाले. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं ते पहिल्यांदाच बोलले असतील.

मग ती म्हणाली, "बरं. असू दे." आवाज उतरलेला. मास्तरांना वाटलं, दमली असेल फिरून फिरून. फोन ठेवला आणि त्यांनी मनाशी म्हटलं, आता खोटं बोललोच आहोत, तर ते खरं करून दाखवणं भाग आहे.

फाटलेल्या वस्तूचं काय करायचं, हे या माणसाला तेहतीस वर्षं एकच ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. मास्तरांनी धाग्याची हिरवी रिळं सगळी घरी आणली आणि एकेक धागा पानावर धरून खिडकीच्या उजेडात बघितला. हा काळपट. हा पिवळट. शेवटी दोन रेशमी धागे सापडले, एक पानाच्या वरच्या अंगाला जुळणारा, एक खालच्या. धाग्याचे पीळ सोडवून केसाएवढं बारीक सूत काढलं. सर्वांत नाजूक सुई घेतली. कुंडीसमोर पाट मांडून बसले, चष्मा पुसला, आणि पानाला म्हणाले, "दुखलं तर सांग."

तीन तास लागले. तिन्ही चिरांच्या कडा एकमेकींना आणून आतून असे टाके घातले की समोरून बघणाऱ्याला शीर वाटावी. भोकात उभे धागे ताणले, आडवे विणले, जाळी इतकी घट्ट बसवली की पाण्याचा थेंब पलीकडे जाणार नाही. काम झाल्यावर ते दोन हात मागे सरकले आणि बघत राहिले. सवयीने तोंडून शब्दही निघाला, "शोधा." खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं. खोटं कशाला बोला, त्या दिवशी मास्तर खूश होते. आजवरचं आपलं सगळ्यांत अवघड काम झालं, आणि ते कुणाला कधी कळणार नाही, यापरतं रफूवाल्याला सुख नाही.

सुख चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी दुपारी एक बाई पडदा घेऊन दुकानात आली. कुत्र्याने ओढून फाडला म्हणाली. मास्तरांनी पडदा टेबलावर पसरला आणि बघतच राहिले. पांढऱ्या कापडावर हिरवी पानं छापलेली. मोठाली पानं, आणि एकूण एक पान फाटकं. कुणाला पाच चिरा, कुणाला आठ, मधे भोकं.

"यातलं नक्की कुठलं रफू करायचं?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे? हे काय, इथे खाली फाटलंय ते."

"आणि ही पानं? ही सगळी फाटकीच छापली आहेत त्यांनी. परत नाही केलात पडदा?"

बाई हसायला लागली. "अहो मास्तर, ती फाटकी नाहीत. ते पान असंच असतं. मॉन्स्टेरा आहे तो!"

मास्तरांच्या हातातलं भिंग टेबलावर आपटलं.

"असंच म्हणजे कसं?" त्यांचा आवाज खोल गेला. "आमच्या घरी आहे की. सहा पानं अख्खी आहेत त्याची."

"लहान आहे मग ते. लहानपणी पानं साधीच येतात. झाड जाणतं झालं, जागा मानवली, हवा तेवढा उजेड मिळाला, की मग अशा चिरा घेऊनच पान उलगडतं. सगळं कौतुक त्या चिरांचंच तर असतं! माझ्या बहिणीने चार वर्षं वाट बघितली. पहिलं चिरांचं पान आलं त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवलं तिने."

बाई पडदा ठेवून गेली. मास्तर कपाळाला हात लावून बसले. दहादा जाऊन बघणारी सून त्यांच्या डोळ्यांपुढे आली. "हंऽ, असू दे." फोनवरचा तो उतरलेला आवाज आठवला. एक चीर नाही त्याला, असं आपण छाती ठोकून सांगितलं! तीन वर्षं पोरगी ज्या चिरांची वाट बघत होती, त्या आल्या, आणि सासऱ्याने बसून शिवून टाकल्या. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

ते तडक शेजारी गेले. "बाई, तुमचं ते डोळ्याला लावायचं भिंग द्या. आणि जरा बरोबर चला."

"कुणाला काय झालं?"

"झाडाचे टाके काढायचे आहेत."

चष्मेवालीने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं, दुकानाला कुलूप लावलं आणि निघाली. वाटेत मास्तरांनी सगळं सांगितलं. जिन्यात ती जी हसत खाली बसली ती उठेना. "मास्तर, लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, तुम्ही सुताने झाड शिवलंत! आधी कुणाला विचारायचं तरी!"

"कुणाला विचारणार? विचारलं असतं तर कळलं नसतं का की मी फाडलं?"

"पण तुम्ही फाडलंच नव्हतं!"

"ते मला आत्ता कळलं ना!"

वर जाऊन बघतात तो काय, गेल्या चार दिवसांत पान वाढलं होतं, पण धागा काही वाढला नव्हता. टाक्यांपाशी पान चुणलेलं, आखूड अस्तर लावलेल्या कोटासारखं. मास्तरांनी भिंग डोळ्याला लावलं, पातळ ब्लेड घेतलं, आणि एकेक टाका कापून चिमट्याने बाहेर काढायला सुरुवात केली. चष्मेवाली पान दोन हातांवर झेलून बसली. दोघांनी तासभर श्वास जपूनच घेतला. पहिली चीर मोकळी झाली तशी पानाची ती बाजू हलकेच सरळ झाली. दुसरी मोकळी झाली. तिसरी झाली. कडांना सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके राहिले, पण पान मोकळं झालं.

राहिलं भोक. तिथली जाळी मात्र हटायला तयार नाही. धागे पानाच्या कडेत रुतून बसले होते. मास्तरांनी एक धागा जरासा ओढला तशी शिरेपर्यंत ताण गेला.

"बस," चष्मेवाली म्हणाली. "आता हात लावलात तर पान जाईल."

मास्तरांनी चिमटा खाली ठेवला. बाईने पानाकडे जवळून बघितलं, लांबून बघितलं, तिरकं बघितलं. तिचा धंदाच नजरेचा. "मला ठाऊक आहे तिथे भोक होतं, तरी मला दिसत नाही," ती म्हणाली. "राहू द्या तसंच. चिरा बघूनच पोरगी वेडी होईल आनंदाने. ठिपक्यांचं विचारलं तर सांगा, आलेत आपोआप. तिला कशाला कळतंय?"

"नाही कळणार," मास्तर म्हणाले, आणि त्यांना त्या शब्दांचा आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं परतली. सुनेने चपला दारातच कशाबशा काढल्या, बॅग नवऱ्याच्या पायावर टाकली आणि आतल्या खोलीत धावली. कुंडी तिथे नाही. "खिडकीत आहे," मास्तर म्हणाले. ती वळली आणि तिला पान दिसलं.

काय ओरडली म्हणून सांगू! खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "चिरा! अहो, चिरा पडल्यात! तीन!" ती नवऱ्याला हलवत होती, झाडाभोवती फिरत होती, खाली वाकून बघत होती. "मास्तर, तुम्ही तर म्हणालात अख्खं आहे! मला चकवत होतात ना? मला एकदम दाखवायचं होतं ना तुम्हाला?"

बघा, वाट किती सोपी झाली होती. नुसती मान हलवायची. हो गं, गंमत केली. मुलगासुद्धा आ वासून बघत होता, "बाबा, तुमच्या हातून?" मास्तरांची मान हलायच्या बेतात होतीही. पण पोरीच्या तोंडावरचा तो आनंद बघून त्यांना ते जमेना. त्यांनी हात मागे बांधले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, शोध."

ती थांबली. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. तिने मास्तरांकडे बघितलं, पानाकडे बघितलं, आणि वरून न बघता पानाखाली हात घालून बोटाने एकेक शीर चाचपत गेली. तीन वर्षं दर आठवड्याला पानं पुसणारं बोट होतं ते. मधल्या शिरेपाशी आलं आणि थबकलं.

"सापडला," ती म्हणाली.

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. कडी, पितळी टोपी, फोनवरचं खोटं, हिरवं रेशीम, पडदा, सगळं. "तू सगळ्यांशी भांडून माझ्या हाती दिलंस," ते म्हणाले. "फाटकी वस्तू परत कशी देऊ? मला फाटलेलं नीट करणं तेवढं येतं गं."

मुलाने तोंड उघडलं. "बाबा, तुम्ही झाडाला टाके घा..."

"गप रे तू!" सून म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती, हसून हसून शेवटी तिला भिंतीला टेकावं लागलं. मग ती मास्तरांजवळ आली. "मी तीन वर्षं वाट बघतेय. आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवून रोज विचारत होते, कधी देणार चिरा? माझ्या हातून नाही आल्या. तुम्ही उजेडात ठेवलंत, पडदा शिवलात, पाणी मोजून दिलंत. या चिरा तुमच्या हातून आल्यात, मास्तर. कळतंय का तुम्हाला?"

मास्तरांना कळत होतं. म्हणून तर ते चष्मा काढून पुसत राहिले.

"ती जाळी निघेल कदाचित, पान जरा पक्कं झाल्यावर," मग ते म्हणाले. "प्रयत्न करतो."

"हात लावायचा नाही. ती राहणार."

"अगं, आज ना उद्या लोकांना दिसेल."

"दिसू दे की," सून म्हणाली.

चष्मेवालीने हे सगळं बाजारभर केलं, ते काही वेगळं सांगायला नको. महिनाभर लोक रफूला कापड देताना विचारायचे, "मास्तर, घरी वांगी फाटलीत, शिवून द्याल का?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "धागा जुळला तर देतो." मुलाने मात्र माळ्यावरची झारी काढली, घासली आणि खिडकीत कुंडीशेजारी ठेवली.

पुढचं पान दीड महिन्यांनी आलं. मास्तर दुकानातून जेवायला घरी येत होते, जिन्याच्या खालच्या पायरीवर पाय ठेवला होता, तोच वरून सुनेची हाक आली. "लवकर या वर! उलगडलं! पाच चिरा आहेत, पाच! या ना हो बाबा, पटकन! आणि सुई खाली ठेवून या!"

मास्तरांनी हसत कॉलरला टोचलेली सुई काढून जिन्याच्या कठड्याच्या लाकडात खोचली आणि दोन-दोन पायऱ्या चढत निघाले. अर्ध्या जिन्यात त्यांच्या ध्यानात आलं की तिने कशी हाक मारली. ते क्षणभर कठडा धरून उभे राहिले.

"बाबा, येताय ना?" वरून पुन्हा आवाज आला.

"आलो गं, आलो," मास्तर म्हणाले.